निवासी वीजभार-गणन आणि परवाना परीक्षा : एक चिकित्सा

प्रस्तावना

तंत्रशिक्षणातील परीक्षा विद्यार्थ्याची समज मोजते की नियमपुस्तिका चाळण्याचा सराव, हा प्रश्न जुनाच आहे. अमेरिकेतील इलेक्ट्रिशियनच्या परवाना परीक्षेत विचारले जाणारे निवासी भार-गणनाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. हे गणन 'नॅशनल इलेक्ट्रिकल कोड' या संहितेवर आधारलेले असते. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था दर तीन वर्षांनी संहितेची नवी आवृत्ती काढते. प्रस्तुत लेखात २०२३ च्या आवृत्तीतील प्रकरण २२० च्या आधारे या प्रश्नप्रकाराचे गुणदोष तपासले आहेत.

प्रश्नाचे स्वरूप

भारतीय पाठ्यपुस्तकांत घराचा भार दिवे, पंखे व सॉकेट यांच्या बिंदूंवरून काढण्याची रीत आहे. अमेरिकी संहितेत दिवे व सर्वसाधारण सॉकेट यांचा भार क्षेत्रफळावरून, दर चौरस फुटास ३ व्होल्ट-अँपिअर, असा धरतात. २,००० चौरस फुटांच्या घरासाठी तो ६,००० होतो. त्यात स्वयंपाकघरातील दोन सर्किटांचे ३,००० व धुलाईच्या सर्किटाचे १,५०० मिळवून बेरीज १०,५०० येते. यापैकी पहिले ३,००० पूर्ण व उरलेले ३५ टक्के धरल्यास ५,६२५ उरतात. एकूण ८,००० व्होल्ट-अँपिअरची चार पक्की बसविलेली उपकरणे ७५ टक्क्यांनी ६,००० होतात. कपडे वाळविण्याच्या यंत्राचे ५,००० व १२ किलोवॉटच्या विद्युत शेगडीचे ८,००० धरतात. १०,००० चे तापन आणि ६,००० चे शीतन एका वेळी चालत नसल्याने मोठा आकडा घेतात. एकूण ३४,६२५ व्होल्ट-अँपिअरला २४० व्होल्टने भागता सुमारे १४४ अँपिअर मिळतात.

चिकित्सा

या प्रश्नाचा गुण नाकारता येत नाही. घरातील सर्व उपकरणे एकाच क्षणी पूर्ण भाराने चालत नाहीत, हे व्यवहारातील निरीक्षण मागणी गुणकांत सामावले आहे. मात्र परीक्षार्थीला गुणक लावता आला, की तो का लावायचा हे त्याला कळले आहे असे परीक्षा गृहीत धरते. धुलाईच्या सर्किटाला ३५ टक्क्यांचा गुणक लागतो, तर तापनाचा भार प्रमाण पद्धतीत पूर्ण धरला जातो. या भेदामागील कारण सहसा विचारले जात नाही. ३५ टक्क्यांची पायरी विसरणाऱ्याचे उत्तर सुमारे १६५ अँपिअर येते. बहुपर्यायी प्रश्नपत्रिकेत असा आकडा पर्याय म्हणून ठेवता येतो. त्यातून चूक पकडली जाते, परंतु ती विस्मरणाची की अज्ञानाची, हे कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. याच संहितेत वैकल्पिक पद्धतही मान्य आहे. तिच्यात शेगडीसह सर्व उपकरणांचा नामपट्टीवरील भार घेतात. वरील घरासाठी तो १०,५०० धरून ३५,५०० होतो. त्यातील पहिले १०,००० पूर्ण व बाकीचे ४० टक्के धरल्यास २०,२०० येतात. तापन एकाच नियंत्रकाखाली असल्यास त्याचे ६५ टक्के, म्हणजे ६,५०० मिळवून २६,७०० व्होल्ट-अँपिअर, अर्थात सुमारे १११ अँपिअर होतात. एकाच घराची ही दोन्ही उत्तरे नियमसंमत आहेत. परीक्षेत मात्र पद्धत आधीच सांगितलेली असते. त्यामुळे निवड करण्याची, म्हणजेच व्यावसायिक विवेकाची, कसोटी लागत नाही.

या उणिवेचा परिणाम घरमालकाच्या खर्चावर व सुरक्षिततेवर होतो. विद्युत वाहनाच्या चार्जरसाठी २०२३ च्या आवृत्तीने किमान ७,२०० व्होल्ट-अँपिअर धरण्यास सांगितले आहे. प्रमाण पद्धतीने वरील घर सुमारे १७४ अँपिअरवर जाते आणि १५० अँपिअरची जोडणी अपुरी ठरते. तथापि, अस्तित्वातील घरासाठी एका वर्षाची नोंदलेली कमाल मागणी १२५ टक्क्यांनी वाढवून त्यात नवा भार मिळविण्याची मुभाही संहितेत आहे. ही तरतूद ज्याला समजली नाही, तो तंत्रज्ञ अनावश्यक खर्च लादण्याची शक्यता आहे. उलट, गुणक चुकीच्या ठिकाणी लावल्यास तारा व पॅनेल त्यांच्या क्षमतेबाहेर तापतात.

निष्कर्ष

भार-गणनाचा प्रश्न वगळणे हा उपाय नव्हे. त्याची मांडणी बदलणे आवश्यक आहे. एकच घर देऊन दोन्ही पद्धतींनी उत्तर काढणे, त्यांतील तफावतीचे कारण लिहिणे आणि दिलेल्या परिस्थितीत कोणती पद्धत योग्य हे ठरविणे, असे तीन भाग करता येतील. अंतिम आकड्याइतकेच गुण पायऱ्यांना व कारणमीमांसेला द्यावेत. तपासणीचा वेळ यामुळे वाढेल, हे खरे. परंतु परवाना हा इतरांच्या घरातील वीजजोडणी हाताळण्याचा अधिकार असल्याने तेवढा वेळ देणे हे परीक्षकाचे कर्तव्यच ठरते.