रिकाम्या कडव्यातली गिटार

ग्लेन कॅम्पबेलचा विषय निघाला की त्याचे चाहते हमखास दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे त्याचा आवाज: स्वच्छ, उंच, आणि कितीही वर गेला तरी ओढाताण न जाणवणारा. दुसरी म्हणजे त्याची शेवटची टूर. अल्झायमरचं निदान जाहीर करून हा माणूस स्टेजवर उभा राहिला आणि त्याने १५१ शो केले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र या दोन्हींच्या मधे एक गिटारिस्ट हरवतो. ‘हो, गिटारही भारी वाजवायचा’ असं एक वाक्य त्याच्या वाट्याला येतं आणि गप्पा पुढे जातात.

मला हे वाक्य अपुरं वाटतं. कॅम्पबेलला स्वतःचं म्हणून जे काही सांगायचं होतं, ते त्याने मुख्यतः गिटारवर सांगितलं. आठवण काढताना नेमकं तेच वगळलं, तर उरतो एक गोड गळ्याचा गायक आणि एक शूर पेशंट.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅम्पबेलचा जन्म २२ एप्रिल १९३६चा, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या बिल्सटाउन नावाच्या वस्तीतला. वडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसायचे. बारा भावंडांतला हा सातवा मुलगा. चार वर्षांचा असताना त्याच्यासाठी पाच डॉलरची गिटार आली आणि एका काकाने त्याला ती धरायला शिकवलं. शाळा फारशी झाली नाही, स्वरलिपी वाचायला तर तो कधीच शिकला नाही. अठराव्या वर्षी तो न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला आणखी एका नातेवाइकाच्या बँडमध्ये गेला आणि १९६० साली लॉस एंजेलिसला.

तिथे तो सेशन वादक झाला. म्हणजे स्टुडिओत बोलावतील तेव्हा जायचं, समोर जे गाणं असेल ते वाजवायचं, मजुरी घ्यायची आणि पुढच्या स्टुडिओत जायचं. ड्रमर हॅल ब्लेन, बास वाजवणारी कॅरल के अशा वादकांच्या या गोतावळ्याला पुढे ‘रेकिंग क्रू’ हे नाव पडलं. साठच्या दशकातली अमेरिकन हिट गाणी यांच्या हातून गेलेली आहेत. फ्रँक सिनात्राचं ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’, राइचस ब्रदर्सचं ‘यू हॅव लॉस्ट दॅट लव्हिन फीलिंग’, बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ हा अल्बम, या सगळ्यांत कॅम्पबेलची गिटार आहे. रेकॉर्डच्या कव्हरवर मात्र त्याचा फोटो नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे ही व्यवस्था मला चटकन कळते. तुम्ही फोनवर जे ॲप उघडता त्याच्या पोटात शेकडो लायब्रऱ्या असतात. त्या कोणी लिहिल्या हे वापरणाऱ्याला माहीत नसतं, आणि त्या नीट चालत असतील तर माहीत व्हायचं कारणही नसतं. सेशन वादकाचं यश तसंच असतं. त्याने गाणं उचलून धरायचं, पण स्वतःकडे लक्ष वेधायचं नाही. कॅम्पबेल अनेक वर्षं या तालमीत तयार झाला. कुठे वाजवायचं नाही हे त्याला तिथेच समजलं असणार.

मग १९६७ साली जॉन हार्टफर्डचं ‘जेंटल ऑन माय माइंड’ आणि जिमी वेबचं ‘बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स’ ही गाणी त्याच्या नावावर आली. पुढच्याच वर्षी ग्रॅमीमध्ये कंट्री आणि पॉप अशा दोन्ही विभागांत त्याला बक्षिसं मिळाली. १९६९मध्ये टीव्हीवर स्वतःचा शो सुरू झाला, त्याच वर्षी जॉन वेनबरोबर ‘ट्रू ग्रिट’ हा सिनेमा आला. १९७५चं ‘ऱ्हाइनस्टोन काउबॉय’ कंट्री आणि पॉप अशा दोन्ही याद्यांत पहिलं आलं. १९७७च्या ‘सदर्न नाइट्स’नेही तेच केलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वर सांगितलेल्यांपैकी एकही गाणं त्याने लिहिलेलं नाही. कंट्री संगीतात याला फार महत्त्व असतं. हँक विल्यम्स, मर्ल हॅगार्ड, जॉनी कॅश यांच्याबद्दल लिहिताना समीक्षक त्यांचे शब्द आणि त्यांचं आयुष्य एकमेकांवर ठेवून बघतात. कॅम्पबेलच्या बाबतीत ती सोय नाही. म्हणून त्याला ‘दुसऱ्यांची गाणी सुंदर गाणारा’ या कप्प्यात टाकलं जातं, आणि तो कप्पा नेहमी खालच्या फळीवर असतो.

या समजुतीला सगळ्यात चांगलं उत्तर १९६८च्या ‘विचिटा लाइनमन’मध्ये आहे.

गाणं जिमी वेबचं. तेव्हा तो जेमतेम विशीत होता. ओक्लाहोमाच्या सपाट मुलखात, सरळ रेषेत जाणाऱ्या तारांच्या एका खांबावर काम करणारा माणूस त्याने पाहिला होता. त्या चित्रावरून त्याने तारा दुरुस्त करत फिरणाऱ्या एका कामगाराचं गाणं लिहायला घेतलं. ते पुरं झालेलं नाही, आणखी एक कडवं लिहायचं आहे, अशी त्याची समजूत होती. त्याने तसंच अर्धवट गाणं कॅम्पबेलकडे पाठवलं. कॅम्पबेल आणि निर्माता अल डी लोरी यांनी वाट न बघता ते रेकॉर्ड करून टाकलं. जे कडवं लिहिलंच गेलं नव्हतं त्याच्या जागी कॅम्पबेलने गिटार वाजवली.

ती गिटारही नेहमीची नव्हती. कॅरल केकडे डॅनेलेक्ट्रो कंपनीचा सहा तारांचा बास होता. हे वाद्य साध्या गिटारसारखंच, पण एक सप्तक खाली लावलेलं. तारा जाड आणि आवाज घुमणारा, थोडा धातूचा. कॅम्पबेलने तो बास मागून घेतला आणि त्यावर जवळजवळ तीच चाल वाजवली जी आतापर्यंत तो गळ्याने गात होता.

हा निर्णय मला फार मोठा वाटतो. कॅम्पबेल अतिशय वेगाने वाजवू शकायचा, आणि रिकाम्या जागेत तयारी दाखवायची इच्छा कोणालाही होईल. त्याने ते टाळलं. चाल तीच ठेवली, फक्त शब्द काढून घेतले आणि स्वर खाली आणला. आधीच्या कडव्यांत हा कामगार आपल्या कामाबद्दल बोलतो, तारांमधून ऐकू येणाऱ्या आवाजाबद्दल बोलतो, कोणाची तरी ओढ लागल्याचं सांगतो. पुढे त्याला काय सांगायचं आहे ते त्याला जमत नाही. अशी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची असतात. ती कामाबद्दल तासभर बोलतील, मनातलं विचारलं की गप्प होतील. त्या गप्प होण्याला आवाज दिला तर तो या सोलोसारखा असेल. मागची व्हायोलिनं तारांमधल्या गुणगुणीसारखी वर तरंगत राहतात आणि ही जाड तार खाली चालत राहते.

हॉस्टेलवर असल्यापासून मी थोडीफार गिटार वाजवतो. हा सोलो बसवायला मला एक संध्याकाळही लागली नाही. त्यात एकही सूर अवघड नाही. पण माझ्या रेकॉर्डिंगमध्ये ते नुसते सूर वाटतात. कॅम्पबेल प्रत्येक सुराला एखाद्या अक्षरासारखा उच्चार देतो, दोन सुरांच्या मधे गायक श्वास घेईल तेवढीच जागा सोडतो. गाणारा माणूस वाजवतोय हे ऐकू येतं. वेबचं लिहायचं राहिलेलं कडवं कॅम्पबेलने तिथे पुरं केलं, आणि त्यासाठी एकही शब्द वापरला नाही. गाणं दुसऱ्याचं असेल, पण त्यातली सगळ्यात मनातली जागा कॅम्पबेलची आहे.

पुढे त्याची गिटार मागे पडली, यात त्याचाही वाटा होता. टीव्ही शोसाठी लागतो तो हसरा, देखणा, सगळ्यांना आवडणारा माणूस. कार्यक्रमात तो ‘विल्यम टेल ओव्हर्चर’ डोक्यामागे गिटार धरून वाजवायचा. लोक खूश व्हायचे, पण तिथे वाद्य म्हणजे कसरतीचं सामान होतं. नंतर दारू, कोकेन आणि वर्तमानपत्रांना खाद्य पुरवणारी प्रकरणं आली. प्रतिमा इतकी मोठी झाली की स्टुडिओतला तो कान देऊन वाजवणारा माणूस चाहत्यांनाही दिसेनासा झाला.

तो पुन्हा दिसला फार विचित्र परिस्थितीत.

जून २०११मध्ये कॅम्पबेलने अल्झायमर झाल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ‘घोस्ट ऑन द कॅनव्हास’ हा अल्बम आला आणि निरोपाची टूर सुरू झाली. थोड्या आठवड्यांची ठरलेली टूर नोव्हेंबर २०१२पर्यंत लांबली. मंचावर त्याची तीन मुलं साथीला होती. दिग्दर्शक जेम्स कीचने या काळावर ‘आय विल बी मी’ हा माहितीपट केला, तो २०१४मध्ये आला. बहुतेक तरुण श्रोत्यांना कॅम्पबेल भेटतो तो या माहितीपटातून. म्हणून त्यात काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे बघणं गरजेचं आहे.

माहितीपटात कॅम्पबेलच्या समोर टेलिप्रॉम्प्टर आहे. आयुष्यभर गायलेल्या गाण्यांचे शब्द त्याला वाचावे लागतात आणि कधी कधी वाचतानाही तो चुकतो. पण सोलोची जागा आली की नजर पडद्यावरून सुटते आणि हात निघतात. मुलगी ॲश्ली बँजो घेऊन समोर उभी राहते, दोघांचं ‘ड्युएलिंग बँजोज’ चालू होतं, आणि काही मिनिटं प्रेक्षागृहातल्या कोणालाही आजाराची आठवण राहत नाही.

याला वैद्यकीय कारण आहे. अल्झायमरचा घाव साधारणपणे आधी मेंदूच्या त्या भागांवर पडतो जिथे नव्या आठवणी तयार होतात. सायकल चालवणं, पोहणं, वाद्य वाजवणं ही सरावाने अंगात मुरलेली कौशल्यं दुसऱ्या भागांवर अवलंबून असतात आणि पुष्कळदा जास्त काळ टिकतात. माहितीपटात हे येतं, पण आश्चर्य म्हणून येतं. बघा, एवढा आजारी आहे तरी वाजवतो! मग मोठमोठे कलाकार येतात, ब्रूस स्प्रिंगस्टीन येतो, पॉल मॅकार्टनी येतो, बिल क्लिंटनही येतात. सगळे धैर्याबद्दल बोलतात, आणि तेवढ्या वेळात मला ती गिटार ऐकायची असते.

माझी तक्रार इथे आहे. कौतुकात दया मिसळली की कलाकाराचा पेशंट होतो. शब्द चुकल्यावर प्रेक्षक टाळ्या वाजवतात, त्यात प्रेम आहे यात शंका नाही. पण सोलो उत्तम झाल्यावरही त्याच सुरात टाळ्या वाजल्या, तर त्या वाजवणाऱ्या माणसापर्यंत पोचत नाहीत. त्या सोलोंना ‘आजारी असूनही’ ही सवलत नको होती. शब्द गेले आणि गिटार राहिली, तेव्हा १९६८मध्ये त्या रिकाम्या कडव्यात जे घडलं होतं तेच रोज रात्री स्टेजवर घडत होतं. त्याचं मनातलं बोलणं आधीपासून तिथेच होतं. आजाराने बाकीचं बाजूला केलं, एवढंच.

याला मर्यादा आहे, तीही सांगायला हवी. कॅम्पबेलचा गिटारवरचा हातही कायम राहिला नाही. माहितीपटाच्या शेवटाकडे सूर चुकायला लागतात, कॅलिफोर्नियातल्या नापामधला शेवटचा कार्यक्रम बघणं जड जातं. आणि त्याचा आवाज बाजूला ठेवून केवळ गिटारिस्ट म्हणून त्याचं मंदिर बांधलं, तर तीही अर्धवट आठवणच होईल. त्याची गिटार चांगली होती कारण ती गाणाऱ्या माणसाची होती.

जानेवारी २०१३मध्ये, जुन्या सेशनच्या दिवसांतल्या सोबत्यांना घेऊन, त्याने ज्युलियन रेमंडबरोबर लिहिलेलं ‘आय ॲम नॉट गॉना मिस यू’ रेकॉर्ड केलं. त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं आणि ऑस्करचं नामांकनही. या शीर्षकाचा मराठीत अर्थ ‘मला तुझी उणीव भासणार नाही’ असा होईल. पहिल्यांदा ऐकताना ते कठोर वाटतं. थोडा विचार केला की कळतं, तो वस्तुस्थिती सांगतोय. विसरणाऱ्याला उणीव भासत नाही, ती भासते मागे राहणाऱ्यांना. आठवण ठेवायचं काम यापुढे तुमचं, असा त्याचा अर्थ आहे. ८ ऑगस्ट २०१७ला नॅशव्हिलमध्ये कॅम्पबेल गेला, तेव्हापासून ते काम पूर्णपणे चाहत्यांकडे आहे.

ते काम कुठून सुरू करायचं असं कोणी मला विचारलं, तर मी माहितीपट आधी बघू नका म्हणेन. ‘विचिटा लाइनमन’ लावा, फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन घालून. फोनचा स्पीकर ती खालची तार खाऊन टाकतो. दुसरं कडवं संपल्यावर शब्द थांबतात आणि तो जाड, घुमणारा आवाज सुरू होतो. तिथे कॅम्पबेल बत्तीस वर्षांचा आहे, त्याला सगळं आठवतंय, आणि तरीही त्याने बोलण्याऐवजी वाजवायचं ठरवलंय.