जाळ्यांचे गणित आणि खानदेशातील रस्ते

‘रहदारी’ हा शब्द आज रस्त्यावरील ये-जा एवढ्याच अर्थाने वापरला जातो. परंतु जुन्या मराठी दप्तरांतील ‘राहदारी’ ही याहून निराळी वस्तू होती. माल घेऊन निघालेल्या वाटसरूस मिळणारा परवाना व त्यापोटी वाटेवर घेतली जाणारी जकात, असा तिचा अर्थ होता. म्हणजे वाट ही मागून घ्यावयाची गोष्ट होती. परवानगीचा हा भाव शब्दातून केव्हा गळाला ते निश्चित सांगणे अवघड आहे. पण तो गळाल्यामुळे शब्दाबरोबर एक विचारही हरवला, असे मानण्यास जागा आहे. वाहतूक-नियंत्रणाच्या आधुनिक सिद्धान्तांची खानदेशाच्या संदर्भात परीक्षा करताना हा हरवलेला विचार पुन्हा पुन्हा समोर येतो.

या सिद्धान्तांचा उगम रस्त्यावर झालेला नाही. कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग याने १९०९ साली दूरध्वनीच्या मागण्यांचा विचार संभाव्यतेच्या नियमांनी केला आणि १९१७ साली तारांची संख्या व मागणी यांवरून किती ग्राहकांना विन्मुख जावे लागेल याचे सूत्र दिले. पुढे रांगांचे जे शास्त्र उभे राहिले त्याचा पाया हाच. रस्त्यावरील वाहने ही जणू तारेवरील संभाषणे, आणि चौक हे जणू दूरध्वनीचे केंद्र, ही उपमा तेथूनच रूढ झाली. उपमा सुबक आहे. तथापि ती जेथे तुटते ती जागा अभ्यासकांनी पुरेशी न्याहाळलेली दिसत नाही.

ट्रंक कॉलची पद्धत चालू होती त्या काळात जळगावच्या व्यापाऱ्याने मुंबईचा कॉल नोंदविला, तर तो आपल्या पेढीवर बसून वाट पाही. त्याची प्रतीक्षा तारेवर साचत नसे. रस्त्यावरील रांग मात्र रस्त्यावरच उभी राहते. ज्या साधनाची टंचाई आहे तेच साधन ती अडवून बसते. एका चौकातील रांग मागे वाढत मागील चौकापर्यंत पोचली, की ज्यांना पुढील चौकाशी काहीच कर्तव्य नाही अशी वाहनेही अडकतात. रेल्वे फाटकाच्या जागी उड्डाणपूल झाल्यावर कोंडी नाहीशी न होता पुढील चौकात जाऊन बसते, याचेही कारण हेच. फाटक हा त्रासदायक असला तरी एक प्रकारचा बांध होता. बांध काढला आणि खालचा पाट रुंद केला नाही, तर पाणी कोठे जाणार?

संदेशवहनाच्या जाळ्यांनाही कोंडीचा अनुभव नवा नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अवघ्या चारशे यार्डांच्या अंतरावरील दोन संस्थांमधील संगणकीय संदेशांचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. संदेशांचे तुकडे पोचेनात, म्हणून प्रत्येक यंत्र ते पुन्हा पाठवी आणि त्यामुळे गर्दी अधिकच वाढे. व्हॅन जेकबसन याने १९८८ साली मांडलेला उपाय असा, की तुकडा हरवल्याचे कळताच पाठविणाऱ्याने आपला वेग एकदम कमी करावा आणि मग तो हळूहळू वाढवीत न्यावा. कोणीही मध्यवर्ती अधिकारी नसताना जाळे सावरले. ही सिद्धी मोठी आहे यात शंका नाही. परंतु तिचे रस्त्यावर रोपण करू पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी विसरू नयेत. संदेशाचा तुकडा हरवला तर तोच पुन्हा पाठविता येतो. रावेरहून निघालेला केळीचा ट्रक वैशाखाच्या उन्हात चार तास खोळंबला, तर तीच केळी पुन्हा पाठविता येत नाहीत. दुसरे असे, की संगणक माघार घेतो तो त्यास तसे शिकविलेले असते म्हणून. ट्रकचालकाने माघार घ्यावी यासाठी त्यास कोणते कारण आहे?

या दुसऱ्या प्रश्नाची मीमांसा वॉर्डरॉप याने १९५२ साली केली. प्रत्येक प्रवासी स्वतःस सोयीची वाट निवडतो तेव्हा वापरातील सर्व वाटांना सारखाच वेळ लागू लागतो. पण सर्वांचा मिळून लागणारा वेळ कमीत कमी होईलच असे नाही. समजा, शंभर गाड्यांना एक शहर ओलांडावयाचे आहे. बाह्यवळणाने नेहमी ३० मिनिटे लागतात. शहरातून दर दहा गाड्यांमागे प्रत्येकाला ३ मिनिटे लागतात. सर्वच शहरातून गेल्या तरी कोणासही ३० मिनिटांहून अधिक लागत नाहीत, म्हणून कोणी बाहेरून जात नाही. पन्नास बाहेरून गेल्या तर शहरातील पन्नासांस १५ मिनिटे पुरतात आणि सरासरी साडेबावीसवर येते. मात्र बाहेर गेलेल्या पन्नासांचा काहीच लाभ होत नाही. जळगाव शहरासाठी पाळधी ते तरसोद असे जे बाह्यवळण आखले गेले, त्याच्या चर्चेत रुंदी आणि लांबी यांचाच बोलबाला होता. वस्तुतः खरा प्रश्न ते पन्नास कोण, हा आहे.

धुळ्याची गोष्ट निराळी. १८१८ साली खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर कॅप्टन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये धुळे हे मुख्य ठाणे केले आणि सरळ, समांतर रस्त्यांची नवी वसाहत आखली. (लोकसमजुतीत या आखणीचे श्रेय विश्वेश्वरय्यांना दिले जाते, पण ते सरकारी बांधकाम खात्यात आले १८८४ साली. पांझरेवरील सायफनचे श्रेय त्यांचे, ते पुरेसे आहे.) क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या या गल्ल्यांमुळे एक वाट तुंबली तर दुसरी हाताशी असते. पण १९६८ साली ब्राएस याने दाखविले की वाढीव वाटेमुळे सर्वांचाच प्रवास लांबू शकतो. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग जेथे भेटतात त्या गावी हा इशारा केवळ गणिती कुतूहलाचा विषय राहू नये.

परवानगीचा विचार खानदेशास परका मुळीच नाही. भुसावळच्या लोहमार्गावर पूर्वापार ब्लॉक पद्धतीत, पुढील ठाण्याची संमती मिळाल्याशिवाय गाडी सुटत नसे. त्याहून जुने आणि अधिक बोधप्रद उदाहरण साक्री तालुक्यातील पांझरेच्या फड पद्धतीचे आहे. बंधाऱ्याखालील जमीन काही फडांत विभागलेली, प्रत्येक फडात एक पीक, आणि पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे. शेतकऱ्याने आपल्या हाताने पाट फोडावयाचा नाही. पाणी कमी असेल त्या वर्षी ते सर्वांस थोडे थोडे वाटून सर्वांचीच पिके वाळविली जात नाहीत. एखादा फड कोरडा ठेवला जातो. हा अन्याय का ठरत नाही? कारण बहुधा प्रत्येकाची जमीन प्रत्येक फडात असते. वॉर्डरॉपच्या सिद्धान्तात जी उणीव आहे, तिला या व्यवस्थेने कागदावर न मांडलेले उत्तर दिलेले आहे. माघार कोणी घ्यावी हे ठरविण्याआधी माघारीचा वाटा सर्वांमध्ये कसा फिरेल हे तिने ठरविले.

रस्त्यावर असा वाटा फिरत नाही. अवजड वाहनांना दिवसा शहरबंदी केली की त्याचा भार त्याच त्या परगावच्या चालकांवर पडतो, आणि गावातील मोटारींना मोकळा रस्ता मिळतो. बंदी चुकीची आहे असा याचा अर्थ नव्हे. तिचे समर्थन ‘सर्वांच्या सोयीसाठी’ या शब्दांत करणे मात्र शिथिल आहे.

याहून गंभीर उणीव मोजमापातच आहे. सिग्नलच्या वेळा ठरविण्याचे वेब्स्टर याचे १९५८ सालचे सूत्र वाहनांचा सरासरी खोळंबा कमी करते. जळगावात महामार्ग एके काळी गावाच्या कडेने जात होता. पुढे त्याच्या पलीकडे वसाहती वाढल्या आणि आकाशवाणी, इच्छादेवी, अजिंठा असे चौक गावाच्या पोटात आले. तेथे रस्ता ओलांडण्यासाठी थांबलेली शाळकरी मुले कोणत्याही रांगेत नसतात, कारण ती वाहने नाहीत. त्यांच्या प्रतीक्षेची मिनिटे सूत्रात शून्य धरली जातात. आणि सूत्राने ठरविलेला हिरवा दिवा जितका लांब, तितकी ती मिनिटे वाढतात.