'अवस्थानिश्चिती' : एका संज्ञेची चिकित्सा

मूत्राशयाच्या कर्करोगाचा विस्तार किती, हे ठरविण्याच्या क्रियेस इंग्रजी वैद्यकात 'स्टेजिंग' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'अवस्थानिश्चिती' हा शब्द सहज सुचतो. परंतु सी.टी. चित्रणापुरते पाहता त्यातील 'निश्चिती' हे पद फसवे आहे.

मूत्राशयाची भिंत थरांची असते. आत अस्तर, त्याखाली संयोजी ऊती, मग स्नायू आणि बाहेर चरबी. अर्बुद अस्तराखालच्या ऊतींपर्यंतच गेले असेल तर टी-१, स्नायूत शिरले तर टी-२, चरबीत पोहोचले तर टी-३. उपचाराची दिशा पालटते ती स्नायूपाशी. स्नायू अबाधित असेल तर मूत्राशय बहुधा राखता येते. एरवी ते काढण्याचा प्रश्न उभा राहतो. नेमकी हीच सीमा सी.टी.त विश्वसनीयपणे दिसत नाही. चरबीतील ढोबळ प्रसार, वाढलेल्या लसिकाग्रंथी, यकृतातील वा फुप्फुसातील गाठी ती दाखविते. स्नायूविषयीचा निर्णय दुर्बिणीवाटे खरवडून काढलेल्या ऊतीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीने होतो. शिवाय खरवड आधी झाली असल्यास तिची सूजही सी.टी.त प्रसारासारखी भासते.

म्हणून चित्राचा अहवाल अनुमानाच्या भाषेत लिहिला जातो. मराठीला ही भाषा परकी नाही. 'अर्बुद भिंतीबाहेर गेले आहे' आणि 'गेले असावे' यांतील अंतर शाळकरी मुलासही कळते. पण चोपड्यासारख्या गावी इंग्रजी अहवाल घरच्यांना तोंडी सांगितला जातो तेव्हा हे 'असावे' गळून पडण्याचा धोका मोठा. उरते ते 'तिसरी स्टेज आहे', अहिराणीत 'शे'. यात उणेपणा बोलीचा नव्हे, सांगणाऱ्याचा. ('सी.टी.'चे 'सिटी' होते, ते मात्र निरुपद्रवी.)

आकड्याचाही घोटाळा होतो. टी-१ म्हणजे पहिला टप्पा नव्हे. श्रोणीतील एका लसिकाग्रंथीत प्रसार असेल, तर दूरवर काही नसतानाही टी-१ अर्बुदाचा रुग्ण तिसऱ्या टप्प्यात मोडतो. फ्रेंच शल्यविशारद प्येर देन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात रचलेल्या टी.एन.एम. पद्धतीत आज उपचारापूर्वीच्या अनुमानास 'सी' आणि शस्त्रक्रियेनंतरच्या ऊतिपरीक्षेस 'पी' ही उपाक्षरे लावतात. भाषांतरात हीच अक्षरे प्रथम वगळली जातात. 'सी'साठी 'अनुमानित विस्तार' आणि 'पी'साठी 'ऊतिसिद्ध विस्तार' असे दोन शब्द योजल्यास 'अवस्थानिश्चिती'ची गरज उरत नाही.