सेवाकाळ आणि शिष्यकाळ: जयपूर व मुंबई येथील चित्रकार-अध्यापकांच्या चरित्रकथनाविषयी

चित्रकार हा कलाशाळेत अध्यापक असेल तर त्याच्या आयुष्याचे कथन कशाभोवती रचावे, हा प्रश्न आपल्या आत्मचरित्रविषयक समीक्षेने क्वचितच विचारला आहे. चित्रकाराचे चरित्र म्हटले की चित्रे हे त्याचे प्रसंग ठरतात, आणि शिक्षकाचे चरित्र म्हटले की त्याने उभारलेली संस्था किंवा घडवलेले विद्यार्थी. परंतु वीस-तीस वर्षे वेतनावर कलाशाळेत काढलेल्या माणसाच्या बाबतीत हे दोन्ही सांगाडे अपुरे पडतात. त्याच्या दिवसाचा मोठा भाग दुसऱ्याच्या कागदावरील रेषा दुरुस्त करण्यात जातो, आणि दुरुस्त झालेली रेषा दुसऱ्याच्याच नावावर राहते. प्रस्तुत लेखात जयपूर आणि मुंबई येथील दोन कलाशाळांच्या आधारे या अडचणीचा विचार करावयाचा आहे. जयपूरकडे प्रथम वळण्याचे कारण असे की, तेथे ही अडचण आपल्याला अधिक उघड्या स्वरूपात दिसते.

मराठी वाचकाच्या कानाला ‘जयपूर’ हा शब्द आधी गायकीचा म्हणून परिचित आहे. जयपूर संस्थानातील उणियारा येथे जन्मलेले अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात स्थिरावले आणि जयपूर-अत्रौली घराणे महाराष्ट्राचे होऊन गेले. गायकाचे चरित्र लिहिणाऱ्यास घराणे ही तयार चौकट मिळते. गुरूचे ऋण शिष्याच्या गळ्यातच ऐकू येते. ते वेगळे सिद्ध करावे लागत नाही. कलाशाळेत शिकलेल्या चित्रकाराच्या हातात मात्र गुरूचा हात असा ऐकू येत नाही. पुष्कळदा तो तसा येऊ नये, हीच शिक्षणाची अपेक्षा असते.

जयपूरची कलाशाळा महाराजा सवाई रामसिंह (दुसरे) यांच्या कारकिर्दीत निघाली. ‘मदरसा-ए-हुनरी’ हे तिचे जुने नाव. दरबाराचा सूरतखाना, म्हणजे चित्रकारांचा कारखाना, तेथे पूर्वापार होताच. त्यामुळे ज्या शहरात चित्र काढणारे पिढीजात हात होते, त्याच शहरात चित्रकला ‘शिकवण्याची’ शाळा उघडली गेली, ही गोष्ट साधी नाही. १८८७ मध्ये खुल्या झालेल्या अल्बर्ट हॉलच्या भिंतींवर स्थानिक चित्रकारांकडून ‘रज्मनामा’तील चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती करवून घेण्यात आल्या. अकबरासाठी झालेला महाभारताचा हा फारसी अनुवाद सचित्र स्वरूपात जयपूरच्या पोथीखान्यात होता. या प्रकल्पाला तौलनिक अभ्यासकाने मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेतील अजिंठा-प्रकल्पाशेजारी ठेवून पाहावे. तेथे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेतल्या. दोन्ही ठिकाणी एतद्देशीय वारसा एतद्देशीय हातांनीच उतरवला, आणि तो उतरवण्यायोग्य आहे हा निर्णय मात्र इंग्रज अधिकाऱ्यांनी घेतला. कलाशाळेतील अध्यापक हा याच दोन बाजूंच्या मध्ये उभा असलेला माणूस होय.

विसाव्या शतकात जयपूरला एक वेगळे वळण मिळाले. १९२४ च्या सुमारास असितकुमार हालदार काही काळ तेथे प्राचार्य होते. पुढे ते लखनौला गेले. अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य शैलेंद्रनाथ डे मात्र जयपुरात दीर्घकाळ राहिले आणि त्यांच्या हाताखाली राजस्थानातील चित्रकारांची एक पिढी तयार झाली. तिच्यातील अग्रगण्य नाव रामगोपाल विजयवर्गीय (१९०५–२००३) यांचे. सवाई माधोपूर भागातील बालेर या गावी जन्मलेला हा मुलगा जयपूरच्या कलाशाळेत आला, डे यांच्याकडे जलरंगाची वॉश पद्धती शिकला आणि कालांतराने त्याच शहरातील राजस्थान स्कूल ऑफ आर्ट्सचा प्राचार्य झाला. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते हिंदीतून कविता आणि कथाही लिहीत. राजस्थानी लघुचित्रांचा त्यांनी संग्रह केला होता.

या जीवनक्रमातील विसंगती जरा थांबून पाहण्याजोगी आहे. ज्या शहरात सूरतखान्याची परंपरा पूर्णपणे मावळलेली नव्हती, तेथील तरुणाला ‘भारतीय’ पद्धतीने चित्र काढण्यास शिकवायला कलकत्त्याहून गुरू यावा लागला. आणि त्या गुरूच्या पद्धतीत जपानी वॉशचा मोठा वाटा होता. विजयवर्गीयांच्या आयुष्याचे कथन ‘परंपरेचा वारसदार’ या शब्दांत करणे सोयीचे आहे खरे. पण हा वारसा त्यांना घरातून वा कारखान्यातून मिळालेला नव्हता. तो प्रवेश घेऊन, वर्गात बसून मिळवलेला होता. लघुचित्रे गोळा करण्याचा त्यांचा छंद मला या दृष्टीने अर्थपूर्ण वाटतो. ज्याला वारसा जन्माने मिळतो तो संग्राहक होत नाही. संग्रह करावासा वाटतो तो थोडे अंतर पडल्यावरच.

त्यांच्या चित्रांचे विषयही वाङ्मयातून आलेले आहेत. कालिदासाचे ‘मेघदूत’ आणि जयदेवाचे ‘गीतगोविंद’ हे त्यांतले ठळक होत. म्हणजे येथे चित्रकार आपले आयुष्य चित्रात ठेवत नाही. आधीच लिहिल्या गेलेल्या संहितांच्या आडोशाला तो राहतो. अध्यापकाच्या वृत्तीशी हे सुसंगतच म्हणावे लागेल. वर्गातही तो दुसऱ्याची संहिताच समजावून देत असतो.

जयपूरचेच दुसरे उदाहरण कृपालसिंह शेखावत (१९२२–२००८) यांचे. शांतिनिकेतनात शिकलेला हा चित्रकार सवाई रामसिंह शिल्प कला मंदिरात शिकवू लागला, आणि मरगळलेल्या नील-मृत्पात्रांच्या कारागिरीला त्याने पुन्हा उभे केले. (या पात्रांना आपण मातीची म्हणतो, प्रत्यक्षात त्यांच्या लगद्यात गारगोटीची पूड आणि काचेचा चुरा हेच मुख्य.) शेखावतांचे नाव आज प्रामुख्याने या पात्रांमुळे घेतले जाते, चित्रकार शेखावत मागे पडले आहेत. शिकवलेली गोष्ट इतरांच्या हातांत टिकली आणि स्वतः केलेली विस्मरणात गेली, असा हा उलटा न्याय आहे. अध्यापक-चित्रकाराच्या चरित्रकाराला या न्यायाची दखल घ्यावीच लागते.

आता मराठीकडे वळू. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांचे ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ हे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले. कोल्हापूरहून १८९० मध्ये मुंबईच्या कलाशाळेत आलेला हा विद्यार्थी १८९६ मध्ये तेथेच शिक्षक झाला, मुख्याध्यापक झाला, १९३० मध्ये काही काळ शाळेचा प्रभारी प्रमुख झाला आणि १९३१ मध्ये निवृत्त झाला. प्राचार्य, सहकारी, विद्यार्थी, प्रदर्शने, पारितोषिके, मिळालेली कामे: या आठवणींचा ऐवज बहुतांशी असा आहे. आत्मचरित्राच्या मराठी इतिहासात त्यास फारसे स्थान मिळालेले नाही. चित्रकलेच्या इतिहासकारांनी ते माहितीचे साधन म्हणून वापरले आणि वाङ्मयाच्या इतिहासकारांनी ते त्यांच्याकडे सोपवून टाकले. आत्मशोध नाही, अंतर्मुखता नाही, हा आक्षेप या प्रकारच्या लेखनावर ठरलेलाच असतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची मोजपट्टी लावली तर तो खराही ठरेल. परंतु ती पट्टी येथे लावावी का?

अधिक जवळचे उदाहरण धोंडो केशव कर्वे यांच्या ‘आत्मवृत्ता’चे (१९१५). तेथेही व्यक्तीपेक्षा संस्था मोठी आहे. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की कर्व्यांनी आपली संस्था स्वतः निर्माण केली. तिची वाढ ही त्यांच्या इच्छाशक्तीची कथा होऊ शकते. धुरंधरांना शाळा आयती मिळाली. तिची धोरणे ग्रिफिथ्स, सेसिल बर्न्स आणि ग्लॅडस्टन सॉलोमन अशा एकामागून एक आलेल्या इंग्रज प्रमुखांनी ठरवली. सॉलोमन यांच्या काळात नग्न मानवाकृतींचा अभ्यासवर्ग आणि भित्तिचित्रणाचा वर्ग सुरू झाला, भारतीयत्वाची नवी भाषा आली. धुरंधर आपल्या यथार्थवादी शैलीसह या सर्व स्थित्यंतरांतून नोकरीत राहिले. दिल्लीच्या नव्या सचिवालयातील विधी-सदस्यांच्या दालनासाठी त्यांनी १९२८–२९ च्या सुमारास चित्रे केली, तीही या नव्या व्यवस्थेचा भाग म्हणूनच. अशा माणसाचे आत्मकथन ‘मी घडवले’ या क्रियापदावर चालू शकत नाही. ‘मी होतो’ हे त्याचे क्रियापद आहे.

मग हे केवळ सेवापुस्तक आहे काय? शीर्षकातील आकडा पुन्हा मोजून पाहावा. एकेचाळीस वर्षे ही शासकीय सेवेची वर्षे नव्हेत. नोकरी १८९६ पासून धरली तर ती पस्तिसाच्या आसपास भरतात. धुरंधरांनी मोजणीस आरंभ केला आहे तो १८९० मधील विद्यार्थी म्हणून झालेल्या प्रवेशापासून. बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना १८९५ मध्ये मिळाले, तेही या शिष्यकाळातच. शिकण्याची आणि शिकवण्याची वर्षे लेखकाने एकाच बेरजेत धरली आहेत. मधली रेघ, जिच्यापासून वेतन सुरू होते, शीर्षकात पुसली गेली आहे. सरकारी कार्यालय अशी बेरीज कधीच करणार नाही. ‘शाळा’ न म्हणता ‘कलामंदिर’ म्हणण्यामागेही हीच दृष्टी असावी. इंग्रज प्रमुखांच्या, परीक्षांच्या आणि वेतनश्रेणींच्या संस्थेला लेखक गुरुगृहाच्या रीतीने मोजतो.

येथे जयपूर आणि मुंबई यांची तुलना उलटी होऊन बसते. जयपूरमध्ये अवनींद्रनाथ–डे–विजयवर्गीय अशी गुरुपरंपरा सांगता येते. पण तिच्या प्रत्येक कडीला एक शाळा, एक नेमणूक, एक पद आहे, आणि परंपरेच्या भाषेत ते झाकले जाते. मुंबईत धुरंधर पदे, पारितोषिके आणि प्रमुखांची नावे उघडपणे नोंदवतात, आणि त्या नोंदींखालून शिष्यत्वाची भावना वाहते. माझ्या मते दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक आहे. कलाशाळेतील आयुष्य नियमांनी बांधलेले असते हे तो लपवीत नाही.

अर्थात या पुस्तकाची मर्यादाही त्याच्या चौकटीतच आहे. जे कलामंदिराच्या दाराबाहेर घडले ते या मोजणीत गौण ठरते. धुरंधरांची कन्या अंबिका याही त्याच शाळेत शिकल्या आणि चित्रकार झाल्या. त्यांचे ‘माझी स्मरणचित्रे’ हे आत्मकथन वडिलांच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचावे. एकाच घराची आणि एकाच शाळेची ही दोन कथने आहेत. वडिलांना शाळा म्हणजे आयुष्य. मुलीला मात्र शाळा ही वडिलांच्या घरातून जाणारी वाट. कलाशिक्षणातील स्त्रीचा प्रवेश हा विषय आपल्याकडे आकडेवारीतून मांडला जातो. या दोन संहितांमधील अंतरात तो वाचता येतो.

विजयवर्गीयांच्या हिंदी कविता आणि कथा यांच्याकडेही याच रीतीने पाहता येईल. चित्रात संस्कृत काव्याच्या आडोशाला राहणारा अध्यापक आपल्या गद्यात वर्गाला, फळ्याला, विद्यार्थ्यांच्या पिढ्यांना जागा देतो की तेथेही आडोसाच शोधतो, हे तपासणे राजस्थानातील हिंदी अभ्यासकांच्या सहकार्याने मराठी अध्यासनाला अशक्य नाही.

धुरंधरांच्या बाबतीत आणखी एक नोंद. त्यांच्या शीर्षकातील मोजणी १९३१ ला थांबते. पुस्तक निघाले १९४० मध्ये. या मधल्या नऊ वर्षांना त्या मोजणीत जागा नाही. आणि पुस्तक लिहून झाले ते याच वर्षांत.