शून्य आणि अनुपलब्ध : गणनभाषांची एक कसोटी

१

संगणकासाठी रचलेल्या भाषांचे परीक्षण बहुधा दोन अंगांनी होत आले आहे. भाषा गणित किती वेगाने उलगडते, हे एक अंग. ती शिकणाऱ्यास किती लवकर वश होते, हे दुसरे. दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत. परंतु ज्या गणनाचा आधार निरीक्षण हा आहे, म्हणजे पाऊस, नदी, पीक, रोग यांच्या नोंदींवर जे उभे राहते, त्या गणनासाठी या दोन कसोट्या पुऱ्या पडत नाहीत. तेथे आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : जे मोजले गेलेच नाही, त्याविषयी ही भाषा काय बोलते? गेल्या काही वर्षांत पुढे आलेल्या वा सुधारून घेतलेल्या गणनभाषांत वेगाइतकाच मोठा फरक याच ठिकाणी पडला आहे, आणि त्याची चर्चा मात्र त्या मानाने फार थोडी झाली आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य समजण्यासाठी पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (नव्या नावाने राजगड) या तालुक्यांहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. दोन्ही तालुके सह्याद्रीच्या कण्याला बिलगून आहेत. घाटमाथ्यावर वर्षाकाठी हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस नसरापूरच्या बाजूने उतरू लागले की अवघ्या तीस-चाळीस किलोमीटरांत त्याचे मान कित्येक पटींनी खाली येते. भोर तालुक्यात भाटघर व नीरा-देवघर, वेल्हे तालुक्यात पानशेत, वरसगाव व गुंजवणी अशी धरणे याच पावसावर भरतात. पानशेत आणि वरसगाव यांचे पाणी खडकवासल्यात येऊन पुणे शहरास पोचते. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि त्याच्या लोंढ्याने पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त केला, हा इतिहास या खोऱ्यातील प्रत्येक मापनाच्या पाठीशी उभा आहे. शिवाय भातशेतीच्या नुकसानीचा प्रश्न निघाला की महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला किंवा नाही, यावर अतिवृष्टीचा निर्णय अवलंबून राहतो. एका दिवसाच्या नोंदीवर एखाद्या मंडळातील शेतकऱ्यांची भरपाई ठरू शकते.

अशा प्रदेशात पर्जन्यमापक कधी बंद पडतो? वीज जाते, संपर्क तुटतो, दरड कोसळून रस्ता बंद होतो, निरीक्षक मापकापर्यंत पोचू शकत नाही. ही सारी कारणे कोरड्या दिवसांपेक्षा मुसळधार पावसाच्या दिवशी अधिक संभवतात. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये अनुपलब्ध मूल्यांचे जे विवेचन केले, त्याचा गाभा हाच की, मूल्य हरवण्याचे कारण जेव्हा खुद्द त्या मूल्याशी निगडित असते, तेव्हा उरलेल्या मूल्यांवरून काढलेला निष्कर्ष एका बाजूस कलतो. भोर-वेल्ह्याच्या पावसाळ्यात हा कल ठरलेल्या दिशेचा आहे. हरवलेला दिवस सामान्य दिवसांपेक्षा अधिक ओला असण्याचाच संभव मोठा.

२

कागदाच्या नोंदवहीत हा भेद आपोआप टिकतो. पाऊस पडला नाही तर शून्य लिहिले जाते. मापन झाले नाही तर रकाना कोरा राहतो, आडवी रेघ ओढली जाते किंवा 'नोंद नाही' असा शेरा पडतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यास तिन्ही वेगळे दिसतात. ही वही यंत्रात उतरवताना त्या रेघेचे काय करावयाचे, हा प्रश्न प्रथमच उभा राहतो आणि त्याचे उत्तर भाषेच्या व्याकरणाने द्यावयाचे असते.

जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम कंपनीत घडविलेली फोर्ट्रान ही भाषा १९५७ मध्ये प्रचारात आली. शास्त्रीय गणनाचा पाया तिने घातला आणि हवामानाची प्रतिमाने आजही मोठ्या प्रमाणावर तिच्यातच लिहिली जातात. परंतु या भाषेत ठराविक रुंदीच्या रकान्यातून संख्या वाचताना रकाना पूर्ण कोरा असेल, तर त्याचे मूल्य शून्य धरले जाते. न मोजलेला दिवस आणि कोरडा दिवस यांतील सीमारेषा अशा रीतीने पहिल्या वाचनातच पुसली जाते. यावर उपाय म्हणून निरीक्षकांनी व गणकांनी संभाव्य मूल्यांच्या बाहेरची एखादी संख्या खूण म्हणून वापरावयास सुरुवात केली. उणे ९९९ ही त्यांपैकी एक प्रसिद्ध खूण होय. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या जाळीबद्ध पर्जन्यसंचात ती आजही भेटते.

या युक्तीत एक मूलभूत दोष आहे. उणे ९९९ ही मनुष्याच्या दृष्टीने खूण आहे, यंत्राच्या दृष्टीने मात्र ती इतर संख्यांसारखीच एक संख्या आहे. तिचा अर्थ भाषेत नसून सोबतच्या माहितीपत्रकात आहे. आणि माहितीपत्रक हरवते, हा सर्वांचा अनुभव आहे.

१९८५ च्या आयईईई ७५४ या मानकाने, ज्याच्या घडणीत विल्यम काहान यांचा वाटा मोठा होता, चल-बिंदू गणनात 'संख्या नव्हे' असे एक विशेष मूल्य रूढ केले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास नॅन म्हणतात. नॅन कशातही मिळवले तरी उत्तर नॅनच येते. स्वतःशी तुलना केली तरी ते स्वतःइतके ठरत नाही. हे मूल्य मुळात शून्याला शून्याने भागण्यासारख्या अर्थहीन क्रियांसाठी योजलेले होते. 'नोंद नाही' हा अर्थ त्यावर मागाहून लादला गेला. चुकलेले गणित आणि न झालेले मापन ही दोन भिन्न प्रकारची अज्ञाने एकाच चिन्हाखाली आली.

३

आता या भाषांची प्रत्यक्ष परीक्षा पाहावी. समजा, वेल्हे तालुक्यातील एखाद्या केंद्रावर लागोपाठ पाच दिवसांच्या नोंदी मिलिमीटरांत अशा आहेत : ४०, ६०, अनुपलब्ध, १२०, ३०. या पाच दिवसांचा एकूण पाऊस किती?

फोर्ट्रानमध्ये उणे ९९९ ची खूण ओळखण्याची आज्ञा लिहिणे राहून गेले, तर बेरीज उणे ७४९ येते. ही चूक इतकी ढोबळ आहे की ती लपत नाही. आर या भाषेत उत्तर 'अनुपलब्ध' असे येते. ही भाषा रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे निर्माण केली आणि तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००० मध्ये निघाली. जेफ बेझॅन्सन, स्टीफन कार्पिन्स्की, विरल शहा आणि ॲलन एडेलमन यांनी २०१२ मध्ये जाहीर केलेल्या ज्युलिया या भाषेने २०१८ च्या पहिल्या पूर्ण आवृत्तीत 'मिसिंग' हे स्वतंत्र मूल्य भाषेच्या गाभ्यातच बसविले. तेथेही उत्तर 'मिसिंग' असेच मिळते. पायथॉन भाषेतील पांडाज या साधनसंचाची वृत्ती मात्र वेगळी आहे. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये आरंभिलेला हा संच आज विदा-विश्लेषणात सर्वत्र पसरला आहे. तो अनुपलब्ध दिवस न सांगता वगळतो आणि २५० हे उत्तर देतो. सरासरी विचारल्यास चारांनी भागून ६२.५ सांगतो. वुल्फ्राम भाषेत बेरीज '२५० अधिक अनुपलब्ध' अशा स्वरूपातच उरते. निरीक्षणाशी सर्वांत प्रामाणिक असे उत्तर हेच होय : जे ठाऊक आहे तेही त्यात आहे, जे ठाऊक नाही तेही आहे.

बेरजेपेक्षा तुलनेचा प्रश्न अधिक धोक्याचा आहे, कारण तेथे चूक दिसत नाही. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २.५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झालेला दिवस तो पावसाचा दिवस. उणे ९९९ ही संख्या २.५ हून लहान आहे. म्हणून खूण न ओळखणारा कार्यक्रम तिसरा दिवस निमूटपणे कोरड्या दिवसांत टाकतो. उलट, स्टाटा या संख्याशास्त्रीय प्रणालीत अनुपलब्ध मूल्य कोणत्याही संख्येहून मोठे मानले जाते. तेथे '६५ हून अधिक' ही अट लावली, तर तोच दिवस अतिवृष्टीचा ठरतो. एकाच कोऱ्या रकान्याला एक भाषा दुष्काळ म्हणते आणि दुसरी महापूर. नॅन वापरले तर दोन्ही तुलना असत्य ठरतात, आणि दिवस कोणत्या बाजूस पडेल हे कार्यक्रम लिहिणाऱ्याने अट कोणत्या क्रमाने मांडली यावर अवलंबून राहते. आर आणि ज्युलिया या दोन भाषांत मात्र अशा मूल्यावर 'जर-तर' चा निर्णय सोपविला की गणन थांबते व दोष दाखविला जातो. पांडाजने २०२० मध्ये आपल्या पहिल्या पूर्ण आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आणलेले नवे अनुपलब्ध मूल्यही असाच निर्णय देण्याचे नाकारते. या साधनाची वाटचाल योग्य दिशेने चालली आहे, याचे ते गमक मानावयास हरकत नाही.

४

पांडाजच्या एका निर्णयाचा स्वतंत्र विचार अवश्य आहे. डिसेंबर २०१७ च्या आवृत्तीपासून, ज्या मालिकेतील सर्वच मूल्ये अनुपलब्ध आहेत तिची बेरीज या साधनात शून्य येते. याचे समर्थन गणिताच्या बाजूने सुसंगत आहे. अनुपलब्ध मूल्ये वगळली की रिक्त संच उरतो, आणि रिक्त संचाची बेरीज शून्य असते. किमान किती मूल्ये असल्यास बेरीज द्यावी हे सांगण्याची सोयही तेथे ठेवलेली आहे. तथापि सोय मागितल्याविना मिळणारे उत्तर हेच बहुसंख्य अभ्यासकांचे उत्तर ठरते. घाटमाथ्यावरील एखाद्या केंद्राचा संपूर्ण जुलै नोंदीविना गेला, तर महिन्याचा पाऊस शून्य मिलिमीटर असा तक्ता तयार होईल. न पाहिलेला जुलै हा रिक्त संच नव्हे. गणिताचा नियम निर्दोष आहे. तो जेथे लावला ती जागा चुकीची आहे.

यावर असा आक्षेप संभवतो की, ही जबाबदारी भाषेची नसून अभ्यासकाची आहे. वगळण्याची आज्ञा दिल्यानंतर आर आणि ज्युलियाही त्या जुलैची बेरीज शून्यच सांगतात, मग फरक तो कोणता? फरक असा की, तेथे वगळण्याची आज्ञा लिहावी लागते. ती लिहिलेली असल्यामुळे मार्गदर्शक, परीक्षक किंवा दहा वर्षांनी तेच काम हाती घेणारा दुसरा विद्यार्थी तिच्यावर बोट ठेवू शकतो. न लिहिलेल्या निर्णयावर बोट ठेवता येत नाही. गृहीत धरलेले वर्तन हे भाषेचे मत असते, आणि मत असल्यामुळे ते परीक्षणास पात्र ठरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एका हरवलेल्या तासामुळे संपूर्ण हंगामाची बेरीज 'अनुपलब्ध' ठरू लागली, तर काम पुढे सरकणे कठीण होते. मग अभ्यासक वैतागून प्रत्येक ओळीत वगळण्याची आज्ञा घालू लागतो आणि कठोरपणाचे रूपांतर कर्मकांडात होते. आर भाषेत लिहिलेल्या कार्यक्रमांत याची साक्ष सहज मिळते. एवढे मान्य करूनही निष्कर्ष बदलत नाही. कर्मकांडातसुद्धा शब्द उच्चारावा लागतो. उच्चारलेला शब्द पुढे तपासता येतो.

५

भाषा कितीही काटेकोर असली तरी तिच्या अधिकाराला मर्यादा आहेत. हवामान विभागाने पुण्यात तयार केलेला दैनंदिन पर्जन्यसंच पाव अंशाच्या जाळीवर रचलेला आहे आणि तो १९०१ पासूनचा आहे. भोर-वेल्ह्याच्या अक्षांशावर या जाळीचे एक घर सुमारे २७ किलोमीटर लांबीरुंदीचे होते. घाटमाथा आणि त्याच्या पूर्वेचा कितीतरी कमी पावसाचा उतार अशा एकाच घरात मावू शकतात. घरातील मूल्य आसपासच्या केंद्रांवरून अंतरानुसार भार देऊन काढलेले असते. एखादे केंद्र त्या दिवशी मुके असेल, तर शेजारची केंद्रे त्याच्या वतीने बोलतात. शास्त्रदृष्ट्या ही रीत मान्य आहे आणि देशव्यापी अभ्यासास अपरिहार्यही आहे. परंतु अशा संचात 'अनुपलब्ध' ही अवस्थाच उरत नाही. तिची जागा अनुमानाने घेतलेली असते. ज्युलिया असो वा फोर्ट्रान, भाषेसमोर येते ती एक नीटस संख्या. मोजलेले, न मोजलेले आणि अनुमानिलेले या तीन अवस्थांपैकी तिसरी दाखविण्याची सोय यांपैकी कोणत्याही भाषेच्या मूळ व्याकरणात नाही.

वुल्फ्राम भाषेत अनुपलब्ध मूल्याबरोबर त्याचे कारण नोंदविता येते. स्टाटामध्ये अनुपलब्धतेची २७ वेगवेगळी चिन्हे आहेत. या सोयींचा उपयोग जितका व्हावा तितका होत नाही. 'वीज नव्हती', 'मापक भरून वाहिला', 'निरीक्षक पोचला नाही' ही तीन कारणे भातशेतकऱ्याच्या दृष्टीने सारखी नाहीत. भरून वाहिलेला मापक निदान एवढे तरी सांगतो की, पाऊस त्याच्या मापापलीकडचा होता.

६

मे २०२५ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत विकसित झालेली, सहा किलोमीटर जाळीची भारत पूर्वानुमान प्रणाली कार्यान्वित झाली. प्रतिमानाची जाळी जितकी बारीक होत जाईल, तितकी त्याची पडताळणी जमिनीवरील एकेका मापकावर अधिक विसंबेल. म्हणून मुक्या मापकाचे मौन जपून पुढे नेणारी भाषा ही केवळ सोयीची बाब राहत नाही.

या कसोटीवर पाहता ज्युलियाचे स्थान वरचे ठरते, आरचे त्याच्या निकट. वुल्फ्राम भाषेची अभिव्यक्ती सर्वांत समृद्ध, परंतु ती परवान्याच्या कुंपणात असल्यामुळे सामान्य महाविद्यालयास दुर्लभ. पांडाजचा प्रसार सर्वांत मोठा आणि म्हणूनच त्याच्या गृहीत वर्तनाची छाननी सर्वांत निकडीची. फोर्ट्रानचा दोष जुना व परिचित आहे. परिचयामुळेच त्याचा धोका आज तुलनेने कमी. पदव्युत्तर प्रबंधांत कोणतीही भाषा वापरली तरी प्रत्येक बेरजेसोबत दोन संख्या दिल्या जाव्यात : किती मूल्ये मिळविली आणि किती मिळालीच नाहीत. दुसरी संख्या लिहिली नसेल, तर पहिल्या संख्येवर आणि तिच्यातून निघालेल्या बेरजेवर विश्वास ठेवण्यास कारण उरत नाही.