एकाचा उंबरठा

रस्त्यावर शंभर माणसं जमली आहेत. एकाला दगड मारायचाच आहे, त्याला कुणाची सोबत लागत नाही. दुसऱ्याला एक जण पुढे झालेला दिसला की पुरे. तिसऱ्याला दोघं लागतात, चौथ्याला तिघं, असं करत शंभराव्याला नव्व्याण्णव. पहिला काच फोडतो आणि बघता बघता शंभरही जण दंगलीत.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सोशिऑलॉजी’मधल्या लेखात रचलेली ही गर्दी. किती जण पुढे झाले की आपणही होऊ, तो आकडा म्हणजे ज्याचा त्याचा उंबरठा. मराठीत हा शब्द जास्तच खुलतो. उंबरठ्यावर माणूस घुटमळतो.

मग ग्रॅनोव्हेटर एकच माणूस बदलतात. उंबरठा एक असलेला, म्हणजे ‘एक’वाला, जातो, त्याच्या जागी आणखी एक ‘दोन’वाला येतो. बाकीचे नव्व्याण्णव तेच. काच खळ्ळकन फुटते. सगळे बघतात. आणि पुढे काहीच होत नाही! आता दोन ‘दोन’वाले आहेत. त्यांतला एक जरी हलला असता तरी दुसरा हलला असता, आणि मग सगळा रस्ता. पण दोघंही हात खाली ठेवून उभे. या जागेवर मी दरवेळी थांबतो.

लेखातच म्हटलंय की पहिल्या गर्दीची बातमी दंगेखोर जमावाची होईल. दुसरीची, एका माथेफिरूची आणि बघत राहिलेल्या सभ्य नागरिकांची. पन्नास उंबरठ्याचा माणूस मात्र दोन्हीकडे तोच आहे. त्याचा संयमही तोच, रागही तोच.

पुढे गणित येतं. सरासरी उंबरठा २५ धरला आणि उंबरठ्यांचं प्रमाण विचलन (ते सरासरीभोवती किती विखुरलेत, याचं माप) साधारण १२.२च्या अलीकडे असलं तर जेमतेम सहा जण सामील होतात. जरा पलीकडे गेलं की जवळजवळ शंभर. मित्राचं वजन परक्याच्या दुप्पट धरलं की चित्र पुन्हा पालटतं. हे उंबरठे घडले कसे, ते हा लेख सांगत नाही, आणि तसं स्पष्ट म्हणतो. ही कसर मला खरंच जाणवते. पण संप असो की रटाळ व्याख्यानातून सगळ्यांत आधी उठणं, हिशेब तोच लागतो.

माझं मन अडकतं त्या ‘एक’वाल्यापाशी. त्याला नाव नाही, चेहरा नाही. त्या दिवशी तो रस्त्यावर आलाच नाही, एवढंच.