व्हिसाची फाइल कशी वाचावी

मराठी घरांत सध्या एक प्रकारचं प्रवासवर्णन भरपूर लिहिलं जातं, पण त्याला कोणी साहित्य म्हणत नाही. ते इंग्रजीत असतं, ए-फोर कागदावर असतं आणि त्याचा वाचक एकच असतो: वकिलातीतला व्हिसा अधिकारी. त्यात कव्हर लेटर असतं, दिवसवार कार्यक्रम असतो, विमानाचं आणि हॉटेलांचं बुकिंग, बँक स्टेटमेंट, आयटीआर, ऑफिसचं रजेचं पत्र आणि विमा असतो. या सगळ्याला मिळून आपण ‘फाइल’ म्हणतो.

ही फाइल मला इथे एखाद्या पुस्तकासारखी वाचायची आहे. त्यातला नायक कोण, निवेदक कोण, वाचक कसा आहे आणि शेवट काय, हे नेहमीचेच प्रश्न तिला विचारायचे आहेत. उदाहरण शेंगेन व्हिसाचं घेतो, कारण २९ देशांचा एकच व्हिसा आणि त्याचे नियम सगळ्यांना वाचायला उघडे आहेत. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या छोट्या गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी आपापसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकण्याचा करार केला. आतल्या भिंती पाडायच्या, तर बाहेरचं दार सगळ्यांनी मिळून राखणं आलंच. आपण भरतो तो अर्ज त्या बाहेरच्या दाराशी असतो.

आधी या प्रकाराचं व्याकरण बघू. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि साधारणपणे १५ दिवस आधी तरी तो पोचायला हवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. जास्त दिवस ज्या देशात राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर जिथे पहिलं पाऊल ठेवणार त्याच्याकडे. फी जून २०२४ पासून मोठ्यांसाठी ९० युरो. व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही, आणि हे आपल्याला माहीत आहे असं आपण अर्जातच सही करून सांगतो.

आता वाचक. बहुतेक लेखक धरून चालतात की वाचक सुरुवातीला तरी आपल्या बाजूचा आहे. फाइलच्या लेखकाला ही सोय नाही. आम्ही फायरवॉल लावतो तेव्हा नियम साधा असतो: परवानगीच्या यादीत जे स्पष्ट लिहिलेलं नाही, ते अडवायचं. २००९ च्या युरोपीय व्हिसा कोडमधलं ३२ वं कलम काहीसं तसंच आहे. अर्जदार मुदतीच्या आत परत जाईल का, याबद्दल रास्त शंका असेल, तर व्हिसा नाकारावा असं ते सांगतं. अधिकाऱ्याला तुमचा वाईट हेतू सिद्ध करावा लागत नाही. शंका पुरते. ती दूर करायचं काम तुमचं, तेही कागदांनी.

अशा वाचकासमोर नायक कसा उभा करायचा? नेहमीच्या प्रवासवर्णनातला ‘मी’ उत्सुक असतो, थोडा वेंधळा असतो, रस्ता चुकतो आणि त्यातून गंमत घडते. फाइलमधल्या ‘मी’ला कुतूहल परवडत नाही. त्याला नोकरी असते, कर्ज असतं, घर असतं, बायको-मुलं असतात, आणि या प्रत्येकाचा कागद असतो. घराच्या हप्त्याचा रोज जाच वाटत असेल, पण फाइलमध्ये तो आपली जमेची बाजू होतो, कारण बांधलेला माणूस परत येतो. विशीतल्या, अविवाहित, नुकतीच नोकरी बदललेल्या मुलीला जग बघायची सगळ्यात जास्त ओढ असेल, पण या साहित्यप्रकारात ती सगळ्यात कच्ची नायिका ठरते.

मग येतो दिवसवार कार्यक्रम. फाइलमधलं खरं ललित लेखन हेच. पाचव्या दिवशी दुपारी तुम्ही कोणत्या शहरात असाल हे तुम्हाला जानेवारीतच माहीत असतं, किंवा माहीत असल्यासारखं लिहावं लागतं. यात एक विसंगती आहे. प्रवासाचं बुकिंग दाखवा असं नियम म्हणतात, आणि व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका असा सल्ला अनेक वकिलाती देतात. मधल्या या फटीत एक अख्खा धंदा उभा राहिला आहे. काही दिवसांपुरतं तिकीट धरून ठेवून देणारे एजंट, फुकट रद्द होणारी हॉटेलं, आणि त्याच्या पुढे जाऊन चक्क बनावट बुकिंगं. यातली शेवटची वाट धोक्याची आहे, कारण खोटा कागद हे नकाराचं वेगळं कारण आहे आणि त्याची नोंद राहते. पण अगदी कायदेशीर फाइलसुद्धा, काटेकोर बोलायचं तर, कल्पित कथाच असते. तिने खरं असण्याची फारशी अपेक्षा नसते. तिने आतल्या आत जुळावं एवढंच बघितलं जातं. हॉटेलच्या तारखा विमानाशी जुळाव्यात, विम्याच्या तारखा दोन्हींशी, आणि खर्च बँकेतल्या आकड्याशी. कोडच्या भाषेत, कंपाइल झालं की पास.

असं असेल तर ‘हा सगळा तमाशा आहे’ म्हणून मोकळं होता येईल. मला ते पटत नाही. मुदत संपल्यावर राहून जाणारे लोक असतात, आणि कोणाला आत घ्यायचं हे ठरवायचा हक्क प्रत्येक देश वापरतो, भारतही वापरतो. शिवाय नियम बदलतात, कधी आपल्या बाजूनेही. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांसाठी नवी पद्धत आणली: गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन ते नीट वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि कितीही वेळा जाता येईल असा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. माझा आक्षेप फाइल मागण्याला नाही. कोणाचं आयुष्य फाइलमध्ये बसतं आणि कोणाचं बसत नाही, याबद्दल आहे.

माझी एक मावशी कोल्हापुरात घरगुती खानावळ चालवते. वीस-बावीस वर्षं झाली. भिशीच्या मैत्रिणींबरोबर तिला बर्फाचे डोंगर बघायला जायचं होतं. पैसे होते, पण रोखीचा धंदा, आयटीआर दोनच वर्षांचे, रजेचं पत्र देणारा साहेब नाही. एका युरोपीय देशाने व्हिसा नाकारला. छापील कारणांच्या यादीत, परत जाण्याच्या हेतूबद्दल शंका, या ओळीवर खूण. मी तिला ती ओळ मराठीत सांगितली तेव्हा ती म्हणाली, “अरे, माझ्याकडं रोज चाळीस पोरं जेवत्यात. त्यांना टाकून मी तिकडं काय करायला राहू?”

आम्हा सगळ्यांपेक्षा ती तिच्या गावाला जास्त बांधलेली आहे. मी लॅपटॉप उचलून उद्या कुठल्याही शहरात राहू शकतो, आणि तरी माझी फाइल तिच्यापेक्षा भक्कम आहे, कारण माझ्या पगाराची पावती पीडीएफमध्ये येते. फाइल बंध मोजते असं म्हणते. प्रत्यक्षात ती कागद मोजते. ज्यांचे बंध सर्वांत घट्ट असतात अशा अनेकांचे बंध कागदावर येतच नाहीत: कुळाने कसलेली जमीन, उधारीवरचा धंदा, घरातलं आजारी माणूस.

आता हीच फाइल मराठी प्रवासलेखनाच्या शेजारी ठेवून बघू. परदेशी जाणाऱ्या माणसाला ‘का जातोस?’ हे आपल्याकडे नेहमीच विचारलं गेलं आहे. विचारणारा मात्र बदलत गेला. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला वैद्यकी शिकायला निघाल्या. आजच्यासारखी पासपोर्ट-व्हिसाची व्यवस्था तेव्हा नव्हती, ती पहिल्या महायुद्धानंतर रुजली. पण समुद्र ओलांडायला समाजाची परवानगी हवी होती. निघण्यापूर्वी सेरामपूरला त्यांनी जाहीर भाषण करून आपण का जातो आहोत हे सांगितलं, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन अशी ग्वाही दिली. हेतू, खर्च, राहणं आणि परत येण्याचं वचन: आजच्या कव्हर लेटरचे मुद्दे हेच आहेत. फक्त ते पत्र आनंदीबाईंना आपल्याच माणसांना द्यावं लागलं.

पु. ल. देशपांडे यांचं ‘अपूर्वाई’ १९६० मध्ये आलं. ते बीबीसीकडे टेलिव्हिजनचं शिक्षण घ्यायला गेले, तेव्हा भारतीय माणसाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये शिरायला व्हिसा लागत नव्हता. १९६२ च्या कायद्याने ती मोकळीक आटली, आणि १९८६ मध्ये भारतीय पर्यटकांनाही व्हिसा सक्तीचा झाला. म्हणजे मराठीतलं बहुधा सर्वांत लाडकं प्रवासवर्णन ज्या इंग्लंडबद्दल आहे, त्या इंग्लंडचं दार तेव्हा आपल्याला आजच्यापेक्षा सताड उघडं होतं. पण म्हणून त्या काळाला सोनेरी मुलामा द्यायचं कारण नाही. दार तिकडे उघडं होतं, तरी इकडे आपलंच सरकार अडवून होतं. पासपोर्ट मिळणं हा हक्क मानला जात नव्हता. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतवंत सिंग सोहनी यांच्या खटल्यात परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला, आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला.

समाज, मग आपलं सरकार, आणि आता परक्या देशाची वकिलात. प्रश्नकर्ता दर पिढीत आणखी दूर जाऊन बसला. आनंदीबाईंना प्रश्न विचारणारे समोर बसले होते. मावशीचा अर्ज वाचणाऱ्याने तिला पाहिलंही नाही.

यातून प्रवासलेखनावर काय परिणाम झाला? मला वाटतं, दोन. पहिला म्हणजे फाइल प्रवासाचाच आकार ठरवू लागली. अकरा दिवसांत सात शहरं हे वेळापत्रक सहल कंपन्यांच्या हिशेबाने बनलं खरं, पण फाइललाही ते आवडतं, कारण त्यात रिकामी दुपार नसते. एका गावात आठ दिवस नुसतं बसून राहायचं आहे, हे कव्हर लेटरमध्ये लिहून बघा. अधिकाऱ्याला पटवण्याआधी एजंटच तुम्हाला ते खोडायला लावेल. याउलट नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश दिला, तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा न ठरवता परदेशप्रवास केला. बेत बदलणं, पाऊस आहे म्हणून एक दिवस जास्त राहणं, हे त्यांना तिथे जमलं. प्रवासवर्णनाला लागणारा कच्चा माल हाच असतो.

दुसरा परिणाम आपल्या लिहिण्यात दिसतो. आजचे ब्लॉग, व्लॉग आणि दिवाळी अंकातले लेख पाहिले, तर त्यातला बराचसा मजकूर विमानतळापासून सुरू होतो. फाइल तयार करण्याचे दोन महिने गायब असतात. ते वेगळ्या ठिकाणी सापडतात: ‘शेंगेन व्हिसा दहा टिप्स’ अशा नावाच्या व्हिडिओंत. एका बाजूला सौंदर्य, दुसऱ्या बाजूला माहिती, आणि मधला माणूस दोन्हींतून निसटलेला. स्लॉटसाठी पहाटे वेबसाइट उघडून बसणारा, बोटांचे ठसे देताना उगाच सभ्य हसणारा, परदेशातल्या हॉटेलच्या पायरीवर ‘हे बुकिंग खरं की फाइलमधलं?’ म्हणून मोबाइल चाळणारा माणूस मराठी प्रवासवर्णनात मला फारसा भेटत नाही. आणि ज्यांना व्हिसा नाकारला गेला त्यांचं प्रवासवर्णन तर लिहिलंच जात नाही, कारण त्यांचा प्रवास झालाच नाही असं आपण धरतो.

तो झालेला असतो. वाचन झालेलं असतं, नकाशे पाहून झालेले असतात, स्वेटर आणलेले असतात. नकाराचं पत्रही वाचण्यासारखं असतं: त्यात कारण द्यावंच लागतं, आणि अपील करण्याचा हक्क कुठे, किती दिवसांत, हेही लिहावं लागतं. बरेच जण ते पत्र लाजून कपाटात ठेवतात. तुमच्या घरात असं पत्र असेल तर ते बाहेर काढा, अपिलाची मुदत बघा, आणि ती संपलेली असेल तर निदान त्याबद्दल लिहा. पुढच्या दिवाळी अंकात युरोपावरच्या सहा लेखांमध्ये एक लेख तिथे न पोचलेल्या माणसाचा असेल, तर मी आधी तोच वाचेन.